हिरावता न येणारी प्रतिष्ठा आणि रोजचा अपमान

१३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूंनी घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्यात न्याय, समता आणि स्वातंत्र्य यांचा उल्लेख होता. बंधुता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांचा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीनं फेब्रुवारी १९४८मध्ये संविधानाचा मसुदा सादर केला, तेव्हा उद्देशिकेत या दोन्ही गोष्टी आल्या, आणि त्या एकमेकींना जोडून आल्या. व्यक्तीच्या प्रतिष्ठेची आणि राष्ट्राच्या एकतेची हमी मिळावी म्हणून बंधुता हवी, असं ती उद्देशिका सांगते. क्रमही आधी व्यक्ती, मग राष्ट्र असा आहे.

त्या काळात व्यक्तीच्या प्रतिष्ठेची ही कल्पना जगभरच्या दस्तऐवजांत येत होती. आयर्लंडनं १९३७च्या संविधानाच्या प्रस्तावनेत ती घेतली होती. १९४५च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ती होती, १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात होती. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषांपुरता वाचता येईल असा शब्द होता. तो बदलून सर्व माणसांना सामावून घेणारा शब्द आला तो हंसाबेन मेहता यांच्या आग्रहामुळे. पश्चिम जर्मनीच्या १९४९च्या संविधानाचं तर पहिलंच कलम माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल आहे. छळछावण्या पाहिलेल्या पिढीला हे सगळ्यात आधी लिहावंसं वाटलं, हे समजण्यासारखं आहे.

पण लिहून झाल्यावर एक पेच उरतो. माणसाची प्रतिष्ठा जन्मजात असते, ती कुणी दिलेली नाही आणि म्हणून कुणी काढून घेऊ शकत नाही, असं हे सगळे दस्तऐवज मानतात. मग पाणवठ्यावरून हाकलून दिलेल्या माणसाचं नेमकं काय जातं? काहीच जात नसेल तर तक्रार कशाची करायची? आणि काही जात असेल तर ती प्रतिष्ठा हिरावता न येणारी कशी? आधुनिक नीतिशास्त्रात आणि राज्यशास्त्रात या विषयावर जे लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंचसं या पेचातून वाट काढण्यासाठी लिहिलं गेलं आहे, असं मला वाटतं.

सुरुवात इमॅन्युएल कांटपासून करावी लागते. १७८५च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या पुस्तकात त्यानं एक साधा भेद केला. ज्या वस्तूच्या बदल्यात दुसरी वस्तू चालते, तिला किंमत असते. ज्याच्या बदल्यात दुसरं काहीच चालत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. माणूस स्वतःच्या विवेकानं स्वतःला नियम घालून देऊ शकतो, म्हणून तो दुसऱ्या वर्गात मोडतो, आणि म्हणूनच त्याला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. हा विचार आजही न्यायालयात चालतो. दहशतवाद्यांनी ताब्यात घेतलेलं प्रवासी विमान पाडण्याची मुभा देणारा कायदा जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं २००६मध्ये रद्द केला, तो याच आधारावर. जमिनीवरचे लोक वाचावेत म्हणून विमानातल्या निरपराध प्रवाशांचा जीव हिशेबात वजा करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

कांटच्या मांडणीतले दोष मात्र झाकता येत नाहीत. १७९७च्या ग्रंथात त्यानं नोकर-चाकर आणि सगळ्या स्त्रिया यांना मत देण्याचा अधिकार नसलेल्या, परावलंबी नागरिकांमध्ये टाकलं. ज्या विवेकाच्या जोरावर प्रतिष्ठा सर्वांना मिळायची, त्याच विवेकाच्या नावावर अर्धीअधिक माणसं बाहेर राहिली. दुसरी अडचण आजही सुटलेली नाही: तान्हं मूल, स्मृतिभ्रंश झालेली आजी, तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा यांचं काय? एव्हा किटे यांनी आईच्या अनुभवातून आणि मार्था नुसबाम यांनी क्षमतांच्या सिद्धांतातून इथे दुरुस्ती केली. माणूस गरजवंत प्राणी आहे, आणि त्याचं परावलंबन हा त्याच्या प्रतिष्ठेतला कमीपणा नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ही दुरुस्ती कांटच्या मूळ इमारतीपेक्षा जास्त भक्कम वाटते.

याच १७९७च्या ग्रंथात कांटनं लाचारीवर एक प्रकरण लिहिलं आहे. स्वतःचा मान राखणं हे स्वतःप्रती असलेलं कर्तव्य आहे, असं तो म्हणतो. हा धागा थॉमस हिल या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७३मध्ये उचलला. त्यानं तीन माणसं डोळ्यांसमोर ठेवली: गोऱ्यांपुढे वाकणं हीच आपली पायरी असं मानणारा कृष्णवर्णीय, आपण कशाच्याच लायकीचे नाही असं समजणारा पुरुष, आणि नवऱ्याच्या इच्छेपुढे आपली इच्छा कधीच न मांडणारी बायको. या तिघांवर अन्याय होतोच, पण त्यांच्यात स्वतःचाही एक दोष आहे, तो म्हणजे आपले हक्क त्यांना समजलेले नाहीत किंवा महत्त्वाचे वाटत नाहीत, असा हिलचा निष्कर्ष. निबंध बारकाईनं लिहिलेला आहे. तरी तो वाचताना अस्वस्थ व्हायला होतं, कारण पिढ्यानपिढ्या दाबलेल्या माणसालाच ‘तुला स्वाभिमान नाही’ असं सुनावणं हा जुन्या अपमानावर नवा अपमान ठरू शकतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकातून आला नाही. महार वतनाची रचना पाहा. महारांनी गावाची आणि सरकारची पडेल ती कामं करायची: निरोप पोचवायचे, पहारा द्यायचा, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावायचं, मेलेली जनावरं ओढायची. मोबदल्यात इनामाचा जमिनीचा तुकडा आणि शेतकऱ्यांच्या खळ्यावरचं बलुतं. ते बलुतंही मागून घ्यायचं. या व्यवस्थेत भाकरी आणि मानहानी एकाच ताटात वाढलेली होती. एक नाकारली की दुसरीही जात होती. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागू नका, असं कळकळीनं सांगितलं, तेव्हा ते वरवर कांटसारखंच बोलत होते. पण ते तिथे थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. स्वाभिमान बाळगा असं माणसाला सांगायचं, तर स्वाभिमानानं जगूनही पोट भरेल अशी व्यवस्था उभी करावी लागते, हे त्यांना पक्कं कळलं होतं. ती कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ उजाडलं.

जॉन रॉल्सनं १९७१मध्ये जवळजवळ हीच गोष्ट सिद्धांताच्या भाषेत मांडली. न्याय्य समाजानं ज्या मूलभूत गोष्टींचं वाटप करायचं, त्यांत स्वाभिमानाचा सामाजिक आधार ही बहुधा सगळ्यात महत्त्वाची, असं तो म्हणतो. आपल्या आयुष्याची योजना हाती घेण्यालायक आहे असं ज्याला वाटतच नाही, त्याला बाकीच्या स्वातंत्र्यांचा उपयोग काय? रॉल्सवर टीका झाली ती अशी की त्यानं दोन गोष्टी एकत्र केल्या: आपण माणूस आहोत म्हणून असणारा स्वाभिमान, आणि आपण काही चांगलं करून दाखवतो म्हणून वाटणारी स्वतःबद्दलची पत. परीक्षेत नापास झालेल्या मुलाची दुसरी खाली येते, पहिली येता कामा नये.

हा गोंधळ स्टीफन डार्वल यांच्या १९७७च्या निबंधानं बराच निवळला. आदर दोन जातींचा, असं त्यांनी दाखवलं. गायिकेच्या गळ्याचा, शिक्षकाच्या निष्ठेचा आपण करतो तो आदर गुण जोखून दिलेला असतो. तो कमी-जास्त होतो, कमवावा लागतो, गमावताही येतो. दुसरा आदर म्हणजे समोर माणूस आहे एवढ्या एकाच गोष्टीची दखल घेऊन आपलं वागणं आवरणं. त्यात जोखण्याचा प्रश्नच नाही. चोरावर खटला भरताना त्याचा पहिला आदर कुणी करणार नाही. दुसरा करावाच लागतो, म्हणून त्याला वकील मिळतो आणि बेड्या घालून रस्त्यानं मिरवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८०मध्ये कैद्यांना सरसकट बेड्या घालण्याला मनाई केली ती याच विचारानं.

मराठी वाचकाला या विवेचनात एक तिसरा प्रकार सुटलेला दिसेल: मानपान. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळी कुणी पेटवायची, पालखीला पहिला खांदा कुणाचा, लग्नात अहेर कुणाला आधी. हा मान गुणाचाही नाही आणि माणूसपणाचाही नाही, तो जागेचा आहे. त्याची खोड अशी की तो सर्वांना देता येत नाही. एकाला मिळतो याचाच अर्थ दुसऱ्याला मिळत नाही. गावागावांत या मानावरून पिढ्यानपिढ्या वाद आणि खटले चालले आहेत. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचं जे विश्लेषण केलं त्याचा गाभा हाच: वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारी तुच्छता, आणि प्रत्येकाला कुणीतरी आपल्या खाली असल्याचं समाधान. ‘आमच्या संस्कृतीत आदराला फार महत्त्व आहे’ असं आपण अभिमानानं म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण या तिसऱ्या आदराबद्दल बोलत असतो.

जेरेमी वॉल्ड्रन यांनी २००९च्या व्याख्यानांत मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. त्यांच्या मते प्रतिष्ठा ही मुळात दर्जाची, सरदार-उमरावांची गोष्ट होती. आधुनिक काळानं ती रद्द केली नाही, सर्वांना बहाल केली. जो मान एकेकाळी फक्त उमरावाला होता, तो कायद्यापुढे आता प्रत्येकाचा. पाटलाचा मान काढून घेण्यापेक्षा प्रत्येकाला पाटील करणं, असं आपल्याकडे म्हणता येईल. मात्र वॉल्ड्रन यांचा उमराव दुसऱ्याला न बाटवता उमराव राहू शकत होता. आपल्याकडे वरच्याचा मान खालच्याच्या विटाळावरच उभा होता. तो मान वर उचलून सर्वांना वाटता येत नाही, त्याचा पायाच काढावा लागतो. आंबेडकरांचं ‘जातिसंस्थेचं निर्मूलन’ हे १९३६चं भाषण याच ठिकाणी पाश्चात्त्य विवेचनाच्या पुढे जातं.

आता मूळ पेचाकडे येतो. १९२३मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पण तळ्यावर कुणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याची पंचगव्यानं शुद्धी झाली, आणि ऑगस्टमध्ये पालिकेनं आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: हे पाणी न पिऊन आपण आजवर मेलो नाही, आपण तळ्यावर जातो ते इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला.

प्रतिष्ठा म्हणजे आत कुठेतरी सुरक्षित ठेवलेला दागिना, असं मानलं की पेच सुटत नाही. महाडनं दाखवलं की ती मागणी करण्याची पात्रता आहे. जोएल फाइनबर्ग यांनी १९७०मध्ये एका कल्पित गावाचं वर्णन केलं, जिथे लोक दयाळू आहेत, एकमेकांना मदत करतात, पण हक्क ही गोष्टच कुणाला ठाऊक नाही. तिथे काय कमी आहे? आपल्या वाट्याचं हक्कानं मागण्याची रीत. आणि तीच नसेल तर स्वतःकडे ताठ मानेनं पाहता येत नाही, असं फाइनबर्ग म्हणतात. बर्नार्ड बॉक्सिल यांनी १९७६मध्ये पुढचं पाऊल टाकलं: निषेधानं काही पदरात पडणार नाही हे ठाऊक असतानाही पीडित माणूस निषेध करतो, कारण आपला स्वाभिमान शाबूत आहे याची त्याला स्वतःलाच खात्री हवी असते. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३०पासून सुमारे पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. बॉक्सिल यांच्या कसोटीवर तो वाया गेला असं म्हणता येणार नाही.

अपमान करणारा माणसाची पात्रता नष्ट करू शकत नाही, पण ती बजावण्याच्या सगळ्या वाटा बंद करू शकतो. हिरावलं जातं ते हे. माझ्या मते पेचाचं उत्तर इथे आहे. तळ्यावर फक्त स्पृश्यांचा हक्क आहे असं सांगत भरलेला महाडचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी आंबेडकरांच्या बाजूनं निकाली निघाला. पण निकालाचा आधार माणसांची समानता हा नव्हता; तळ्याचा वापर स्पृश्यांपुरताच असल्याची चाल अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, एवढाच होता. चाल सिद्ध झाली असती तर? हा प्रश्न पुढे संविधानाच्या पंधराव्या आणि सतराव्या कलमांनी कायमचा मिटवला, आणि विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द पंधराव्या कलमात नाव घेऊन आले.

आविशाय मार्गालिट या इस्रायली विचारवंताचं १९९६चं पुस्तक सभ्य समाजाबद्दल आहे. ज्या समाजाच्या संस्था माणसांची मानहानी करत नाहीत तो समाज सभ्य, अशी त्यांची साधी व्याख्या. व्यक्तींच्या उद्धटपणापेक्षा संस्थांवर बोट ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. रेशनच्या रांगेत, पेन्शनच्या खिडकीत, पोलीस ठाण्याच्या बाकावर मदत मिळते की नाही याइतकंच ती कशी मिळते हे महत्त्वाचं. गोपाळ गुरू यांनी संपादित केलेल्या २००९च्या ग्रंथानं मानहानीचा भारतीय अनुभव या चर्चेत ठामपणे आणला.

संस्था काय करू शकते याचं उदाहरण अलीकडचंच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं, मंगळसूत्र तोडणं गावात होणार नाही, असं ठरलं. हिलच्या निबंधातली बायको इथे आठवते. ‘मला स्वतःलाच कुंकू नको’ असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका असतील. हेरवाडनं त्यांना दोष दिला नाही, त्या क्षणी चारचौघींनी हात धरून बांगड्या फोडण्याची सक्ती काढली. ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’त विचारलेले प्रश्न एका ग्रामसंस्थेपर्यंत पोचायला १४० वर्षं लागली.

भाकरी आधी की ओळख आधी, हा वाद नॅन्सी फ्रेझर आणि अ‍ॅक्सेल होनेथ यांनी २००३च्या पुस्तकात समोरासमोर घातला. होनेथ यांच्या मते सगळ्या अन्यायाच्या मुळाशी मान्यता नाकारणं असतं. फ्रेझर यांना वाटतं की संपत्तीचं वाटप आणि मान्यता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दोन्ही लागतात. मराठवाड्यानं हा वाद आधीच भोगला होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि दलित वस्त्या जळाल्या. नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. नुसत्या नावानं पोट भरतं का, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. नुसतं नाव असतं तर घरं का जाळली गेली, हा त्यावरचा उलट प्रश्न मला अजून बिनतोड वाटतो. फ्रेझर यांचं म्हणणंच मला जास्त पटतं, कारण त्या दंगलीत मान आणि जमीन, दोन्हींवरून पेटलेला राग होता.

या कल्पनेचे विरोधकही आहेत, आणि त्यांचं ऐकायला हवं. रूथ मॅक्लिन यांनी २००३मध्ये प्रतिष्ठा ही निरुपयोगी कल्पना आहे, वैद्यकीय नीतीत व्यक्तीच्या स्वायत्ततेचा आदर एवढं पुरेसं आहे, असं लिहिलं. त्यांची शंका रास्त ठरते ती प्रतिष्ठेच्या नावाखाली माणसाचीच निवड दडपली जाते तेव्हा. फ्रान्समध्ये ठेंगण्या माणसाला प्रेक्षकांनी फेकण्याचा खेळ प्रतिष्ठेच्या नावावर बंद झाला. त्यात काम करणारे मान्युएल वाकेनहाइम न्यायालयात गेले. माझी प्रतिष्ठा काम मिळण्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. १९९५मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात आणि २००२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे ते हरले.

आपल्याकडे डान्स बारचं प्रकरण तसंच. २००५मध्ये राज्य सरकारनं बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं वगळली. उच्च न्यायालयानं २००६मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये ती बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं हेही नोंदवलं की बंदीमुळे अनेक बायकांना वेश्याव्यवसायाकडे वळावं लागलं. तरी २०१६मध्ये आलेल्या नव्या कायद्याच्या नावातच तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं रक्षण हे शब्द होते. त्याच्याही अनेक अटी २०१९मध्ये रद्द झाल्या. या दोन्ही प्रकरणांत ज्यांची प्रतिष्ठा राखायची त्यांनाच गप्प बसवलं गेलं. महाडमध्ये याच्या उलट घडलं होतं, तिथे माणसं स्वतः मागत होती. माझा कौल स्पष्ट आहे: पीडितानं संस्थेविरुद्ध उभा केलेला प्रतिष्ठेचा दावा ग्राह्य धरावा, संस्थेनं दुबळ्या माणसाच्या वतीनं, त्याला न विचारता केलेला दावा संशयानं तपासावा.

या कौलाची खरी परीक्षा मैला साफ करण्याच्या कामावर होते. ‘हे लोक स्वतःहून काम मागतात’ हे उत्तर तिथे चालत नाही, कारण मागण्याची दुसरी वाटच जातीनं बंद केलेली असते, आणि ही प्रथा संपवण्याची मागणी सफाई कामगारांच्या संघटनांनीच लावून धरली आहे. १९९३ला एक कायदा झाला, २०१३ला दुसरा. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मृत्यू झाल्यास १० लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३मध्ये ती ३० लाख केली. भरपाई आवश्यकच आहे, पण ती मेल्यानंतरची आहे.

२०१३च्या कायद्याचं सातवं कलम फक्त महापालिकांसाठी नाही. पुरेशा संरक्षक साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला ते प्रत्येक व्यक्तीला मनाई करतं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आपली गृहनिर्माण संस्था, आपला बंगला, आपलं हॉटेलसुद्धा यात येतं. तुमच्या सोसायटीची टाकी पुढच्या वेळी उपसायची असेल, तेव्हा सभेत उठून विचारा की यंत्र मागवलं आहे का, आणि नसेल तर काम थांबवा.